१८० मायक्रोग्रॅमला के-५६२ पेशी निम्म्यावर आल्या, मग हे औषध का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकमध्ये एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात. दिंडोरीकडच्या एका वाइनरीतून काळ्या द्राक्षांचा चोथा आणला, साली वेगळ्या करून वाळवल्या आणि मेथनॉलमध्ये अर्क काढला. तो के-५६२ या ल्युकेमियाच्या पेशींवर ४८ तास ठेवून एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत याचा रंगावरून अंदाज देणारी चाचणी) केली. ट्रिप्लिकेटमधली (एकाच मात्रेच्या तीन नमुन्यांची) रीडिंग बरीच विखुरली, तरी आयसी-५०, म्हणजे रीडिंग निम्म्यावर आणणारं प्रमाण, आला मिलिलिटरला १८० मायक्रोग्रॅम. गाइड म्हणतात, निष्कर्षात ‘कर्करोगविरोधी गुणधर्म सिद्ध झाले’ असं लिहा, आणि तुम्हाला ते लिहवत नाही. त्यातच घरी काकांना सीएमएल (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) आहे, ते रोज त्यावरची इमॅटिनिबची गोळी घेतात. त्यांनी विचारलं, तुझा अर्क मी सुरू करू का, म्हणजे गोळ्या कमी होतील.

आधी काकांचं उत्तर देते, कारण ते तातडीचं आहे. अर्क देऊ नका. इमॅटिनिब त्यांनी स्वतःच्या मनाने कमी करू नये, एक दिवससुद्धा चुकवू नये. मी डॉक्टर नाही. ल्युकेमियाच्या पेशी वाढवणं आणि त्यांच्यावर औषधं तपासणं हे माझं काम. आधी मुंबईत केलं, आता इथे नाशिकमध्ये शिकवते. डोसबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या रक्तविकारतज्ज्ञांचाच. पण अर्क का नको, हे मी सांगू शकते. इमॅटिनिबचं विघटन यकृतातलं सीवायपी-३ए४ नावाचं एन्झाइम करतं. ते दाबलं गेलं तर रक्तातलं औषध वाढतं, चेतवलं गेलं तर घटतं. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनौषधी घेतल्यावर इमॅटिनिबची रक्तातली पातळी घटते, हे माणसांमध्ये मोजून दाखवलेलं आहे. ग्रेपफ्रूटचा रस उलट्या दिशेने काम करतो म्हणून तो टाळायला सांगतात. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल मोठ्या मात्रेत याच एन्झाइमला दाबतं असं दिसून आलं आहे. काका जेवणानंतर चार द्राक्षं खात असतील तर त्याबद्दल मी बोलत नाही. किलोभर द्राक्षांच्या सालींतलं सगळं एका चमच्यात आणणारा अर्क ही निराळीच गोष्ट आहे.

गोळ्या कमी होण्याबद्दल एवढंच. ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षं बीसीआर-एबीएलचा (सीएमएल घडवणाऱ्या जनुकाचा) मागमूस सापडला नव्हता, अशा रुग्णांचं इमॅटिनिब फ्रान्समध्ये कडक देखरेखीखाली थांबवून पाहिलं गेलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४० टक्के लोकांचा आजार वर्षभरानंतरही परतला नव्हता. बाकीच्यांचा परतला, आणि बहुतेकांचा पहिल्या सहा-सात महिन्यांतच. निवडून घेतलेल्या, उत्तम प्रतिसाद असलेल्या रुग्णांची ही गोष्ट. काकांना गोळ्या नकोशा झाल्या असतील, पाय सुजत असतील, मळमळत असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. त्यावर उपाय असतात, दुसरी औषधंही आहेत. आणि बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी सांगितलेल्या अंतराने चुकवू नये. त्यांच्या आजाराचा खरा हिशोब तिथे दिसतो.

आता तुमचा प्रबंध. तुम्ही विचारलंत की १८० हा आकडा चांगला आहे का. त्याआधी विचारायला हवं की हा आकडा कशाचा आहे. प्लेट रीडरने तुम्हाला जांभळा रंग किती आहे एवढंच सांगितलं. रंग कमी झाला म्हणजे पेशी मेल्या, हा एक निष्कर्ष. सुदृढ पेशी वाचून ल्युकेमियाच्याच मेल्या, हा दुसरा. आणि रुग्णाच्या शरीरात हेच घडेल, हा तिसरा. गाइडनी सुचवलेल्या वाक्यात हे तिन्ही एका दमात काढलेले आहेत. तुमच्याकडे पुरावा आहे तो पहिल्याचा, आणि तोही अर्धा. तुम्हाला ते वाक्य लिहवत नाही याचं मला समाधान वाटलं.

एमटीटी पद्धत १९८३ मध्ये मॉसमन यांनी मांडली. पिवळं टेट्राझोलियम जिवंत पेशीत शिरतं, पेशीतली एन्झाइम्स त्याचं जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात, ते स्फटिक विरघळवून आपण ५७० नॅनोमीटरच्या आसपास रंग मोजतो. मोजतो ती पेशींची रूपांतर करण्याची ताकद. तुमच्या प्लेटच्या वेलमध्ये (छोट्या खळग्यात) मात्र हे रूपांतर करणारं आणखीही काही आहे, ते म्हणजे तुमचा अर्क. द्राक्षाच्या सालीतली पॉलिफेनॉल्स पेशींच्या मदतीशिवाय एमटीटीला जांभळं करू शकतात. शिवाय अर्काला स्वतःचा गडद रंग आहेच. म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनसाठी ‘अर्क आहे, पेशी नाहीत’ असा एक कंट्रोल लावावाच लागतो आणि त्याचं रीडिंग वजा करावं लागतं. फक्त मीडियाचा ब्लँक इथे पुरत नाही. हा दोष बहुधा तुमच्या विरुद्धच गेला असेल. मेलेल्या पेशींच्या वेलमध्येही रंग दिसला असेल आणि आयसी-५० होता त्यापेक्षा वर सरकला असेल.

तुमची रीडिंग विखुरली त्याचं कारण मला वेगळं वाटतं. के-५६२ या तरंगत्या पेशी आहेत. चिकटून वाढणाऱ्या पेशींची प्लेट उलटी करून मीडिया झटकला तरी चालतं, कारण पेशी तळाला धरून असतात. इथे झटकलं तर पेशी आणि स्फटिक दोन्ही सिंकमध्ये जातात, आणि प्रत्येक वेलमधून वेगवेगळ्या प्रमाणात जातात. प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचा द्राव पिपेटने हळूच काढा, थोडा राहिला तरी राहू द्या. किंवा काहीच न काढता एसडीएस असलेला विरघळवणारा द्राव घालून रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवा. प्लेट फिरवता येईल असा रोटर बऱ्याच महाविद्यालयांत नसतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना दुसरी पद्धतच सांगते. कडेच्या वेलमधून पाणी उडतं, त्यांत नुसतं बफर भरून ठेवा. एवढ्याने ट्रिप्लिकेट बरीच जवळ येतात.

पॉलिफेनॉल्सची आणखी एक खोड आहे, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. ती कल्चर मीडियात टिकत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि मीडियातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मग त्या पेरॉक्साइडने मरतात. हे बशीत घडतं, माणसाच्या रक्तात असं घडत नाही, कारण तांबड्या पेशींमध्ये पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज भरपूर असतं. तपासणं सोपं आहे. एका ओळीत नेहमीचा अर्क, दुसऱ्या ओळीत तोच अर्क आणि सोबत कॅटॅलेज. दुसऱ्या ओळीत पेशी वाचल्या तर तुम्ही मोजलंत ते मीडियाचं रसायन. माझ्या मते तुमच्या प्रबंधात हा एक प्रयोग असेल तर बाकी काही नसलं तरी चालेल.

आणि हे नाशिक आहे, म्हणून विचारते: ती द्राक्षं कोणत्या बागेतली? ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत बागेवर डावणी, भुरी, थ्रिप्स, सगळ्यांसाठी फवारण्या होतात. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं पेशींना विषारी आहे. बुरशीनाशकांचे अंश सालीवर आणि सालीत राहतात, आणि तुम्ही घेतल्या त्या फक्त साली, त्याही मेथनॉलमध्ये काढून आटवल्या. चोथा कोणत्या प्लॉटचा, वाइनरीत किण्वनापूर्वी सल्फाइट किती टाकलं, हे विचारून घ्या. निर्यातीच्या मालाचे रेसिड्यू तपासणं आपल्या जिल्ह्यात नवं नाही. अर्काचा एक नमुना तपासून घेता आला तर उत्तम. ते परवडत नसेल तर फवारणी न झालेल्या एखाद्या घरगुती मांडवाच्या द्राक्षांचा अर्क त्याच पद्धतीने काढा आणि शेजारी लावा. दोन्ही सारखे वागले तर शंका बरीचशी फिटेल. फवारलेल्याच अर्काने पेशी मेल्या, तर तुम्ही बुरशीनाशकाचा आयसी-५० काढलात.

आता रंगापासून मृत्यूपर्यंत. साधा हिशोब करून बघा. के-५६२ साधारण २४ तासांत दुप्पट होतात. वेलमध्ये १०,००० पेशी टाकल्या तर ४८ तासांनी कंट्रोलमध्ये ४०,००० होतील. समजा अर्काच्या वेलमध्ये २०,००० मिळाल्या. एमटीटी सांगणार ५० टक्के, आणि तुम्ही लिहिणार, निम्म्या पेशी मेल्या. पण तिथे एकही पेशी मेलेली नसू शकते. दोनदा दुप्पट होण्याऐवजी त्या एकदाच झाल्या. टाकल्या तेव्हा होत्या त्यापेक्षा आताही जास्तच आहेत. म्हणून शून्य तासाची एक प्लेट हवीच. पेशी टाकल्यावर लगेच एमटीटी करा आणि ते रीडिंग जपून ठेवा. ४८ तासांचा आकडा त्याच्या खाली गेला तरच पेशी घटल्या असं म्हणता येतं. या एका प्लेटला एक दिवसही जास्त लागत नाही, तरी माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक प्रबंधांत ती नसते.

यासोबत ट्रायपॅन ब्लूने मोजणी करा. हिमोसायटोमीटर आणि साधा मायक्रोस्कोप तुमच्याकडे आहेच. निळ्या (मेलेल्या) पेशी, बिननिळ्या (जिवंत) पेशी, दोन्ही मोजा, २४, ४८ आणि ७२ तासांना. ७२ तास अशासाठी की के-५६२ मरायला वेळ घेतात. त्यांच्यात पी-५३ प्रथिनाचं काम बंद आहे, आणि बीसीआर-एबीएल त्यांना आत्मघातापासून सतत रोखून धरतं. इमॅटिनिब दिल्यावरही पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही, मरण दिसतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ॲनेक्झिन आणि प्रोपिडियम आयोडाइड लावून फ्लो सायटोमेट्री करता आली तर अपॉप्टॉसिस, म्हणजे पेशीचा आत्मघात, दाखवता येतो. ती सोय जवळ नसेल तर पुण्या-मुंबईला नमुने न्यावे लागतील, आणि ते गाइडच्या ओळखीवर आणि बजेटवर अवलंबून आहे. नाही जमलं तर ‘अपॉप्टॉसिस’ हा शब्द प्रबंधात वापरू नका, बाकी काही बिघडत नाही.

पेशी थांबणं आणि मरणं यांशिवाय तिसरीही शक्यता असते, आणि ल्युकेमियात ती फार मोलाची आहे: पेशी प्रौढ होतात. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात पांढऱ्या पेशी अर्धवट वयात अडकून पडतात. १९८० मध्ये दिसलं की एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशींना रेटिनॉइक आम्ल दिलं की त्या प्रौढ ग्रॅन्युलोसाइटसारख्या होतात आणि वाढ सोडतात. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी हेच आम्ल, ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, २४ रुग्णांना दिलं. त्यांतल्या २३ जणांचा आजार त्या एकट्या औषधाने पूर्ण आटोक्यात आला. एकेकाळी रुग्णाला काही दिवसांत रक्तस्रावाने नेणारा हा आजार आज ल्युकेमियांमधला सर्वांत बरा होणारा प्रकार मानला जातो. आता हा प्रयोग फक्त एमटीटीने केला असता तर? रंग थोडा कमी दिसला असता आणि कुणीतरी वहीत ‘क्षीण परिणाम’ अशी नोंद करून पुढे गेलं असतं. म्हणून पेशींकडे डोळ्यांनी बघा. स्लाइड करा, रंगवा, केंद्रकाचा आकार बघा. के-५६२ काही रसायनांनी हिमोग्लोबिन बनवू लागतात, सेंट्रिफ्यूज केल्यावर पेलेट गुलाबीसर दिसतो.

इथेच डीएमएसओ या द्रावकाचंही सांगते, कारण तुम्ही अर्क त्यात विरघळवलाय आणि सर्वांत वरच्या कॉन्सन्ट्रेशनला ते किती टक्के झालं हे लिहिलेलं नाही. एचएल-६० पेशी सव्वा टक्का डीएमएसओमध्ये काही दिवस ठेवल्या तर तेवढ्यानेच प्रौढ होतात. प्रौढ करण्यासाठी ही पद्धत मुद्दाम वापरतातसुद्धा. प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखाच ठेवा, जमेल तर ०.१ टक्का, फार तर ०.५, आणि कंट्रोलमध्येही तेवढाच.

इथवरचं एकत्र सांगायचं तर, पेशींविना अर्काचा कंट्रोल, कॅटॅलेजची ओळ, शून्य तासाची प्लेट आणि ट्रायपॅन ब्लू. ही चार कामं महिन्याभरात होतील आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ती झाली की पेशींना काय झालं हे तुम्ही ठामपणे लिहू शकाल.

दुसरा निष्कर्ष ल्युकेमियाच्याच पेशी मेल्या का याबद्दलचा. बागेवर डावणी आली की बुरशी मारणं ही अडचण नसते, मोरचूद हवं तेवढं जाड फवारलं तर ती मरणारच. कोवळी पानं आणि घड न जाळता तिला मारणं यात बागाईतदाराचं कसब असतं. ब्लीचनेही के-५६२ मरतात. औषध त्यालाच म्हणायचं ज्याला फरक कळतो.

हा फरक कसा दाखवायचा याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण काकांच्या गोळीचंच आहे. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं, त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते तयार होतं. त्या सांध्यावर बनतं बीसीआर-एबीएल प्रथिन, जे पेशीला सतत ‘वाढ’ असा हुकूम देतं. ते अडवणारा रेणू तयार झाल्यावर ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रयोग छापले. त्यांनी सीएमएलच्या रुग्णांच्या पेशी घेतल्या, निरोगी मज्जेतल्याही घेतल्या आणि दोन्हींना अर्धघन माध्यमात वसाहती करू दिल्या. १ मायक्रोमोलरला बीसीआर-एबीएल असलेल्या वसाहती ९२ ते ९८ टक्के घटल्या, निरोगी वसाहती जवळपास तशाच राहिल्या. १९९८ मध्ये माणसांवरची चाचणी सुरू झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या कामाचं बळ निरोगी पेशींच्या शेजारच्या प्लेटमध्ये होतं. ल्युकेमियाच्या पेशी मारणारी रसायनं तेव्हाही ढिगाने होती.

तुम्ही काय करू शकाल? बहुतेक जण एखाद्या निरोगी माणसाचं रक्त घेतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना अर्क देतात आणि त्या मेल्या नाहीत म्हणून अर्क ‘निवडक’ ठरवतात. यात एक मोठी फसगत आहे. रक्तातले लिम्फोसाइट विश्रांतीत असतात, ते विभागत नाहीत. वाढ रोखणारं कोणतंही रसायन न वाढणाऱ्या पेशीला काही करत नाही, म्हणून ते आपोआप निवडक दिसतं. त्या पेशींना पीएचए देऊन विभागायला लावा आणि मग तुलना करा. रक्त घ्यायचं तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आधी लागेल, तिला वेळ जातो, आजच अर्ज करा. दुसरी सोपी तुलना: के-५६२ आणि एचएल-६० शेजारी ठेवा आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून इमॅटिनिब लावा. के-५६२ मध्ये बीसीआर-एबीएल आहे, एचएल-६० मध्ये नाही. इमॅटिनिबने के-५६२ एक मायक्रोमोलरच्या आतच ढासळायला हव्यात आणि एचएल-६० ला त्याचं काहीच वाटू नये. असं दिसलं नाही तर तुमच्या फ्लास्कमधल्या पेशींचीच ओळख तपासायला हवी. अर्काने दोन्ही सारख्याच मेल्या, तर बीसीआर-एबीएलशी त्याचा संबंध नाही एवढं तरी कळलं.

तिसरा निष्कर्ष रुग्णाच्या शरीराचा, आणि १८० हा आकडा सर्वांत जास्त इथेच अडखळतो. माणसाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यात मिलिलिटरला १८० मायक्रोग्रॅम गाठायचे तर साडेसात ग्रॅम अर्क पचनात काही न गमावता सगळा शरीरात पोचायला हवा, आणि ४८ तास तिथे टिकायला हवा. पॉलिफेनॉल्स यकृत आणि आतडी झपाट्याने बदलून टाकतात. रेझव्हेराट्रॉलची २५ मिलिग्रॅमची मात्रा तोंडाने दिल्यावर न बदललेलं रेझव्हेराट्रॉल रक्तात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्याही खाली सापडलं. एक टक्का पोचतं असं उदारपणे धरलं, तरी काकांना एका वेळी पाऊण किलो सुका अर्क खावा लागेल.

इमॅटिनिबची गोळी ४०० मिलिग्रॅमची. जवळपास सगळी शोषली जाते, आणि पुढची गोळी घेण्याआधीही रक्तात मिलिलिटरला सुमारे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे २ मायक्रोमोलर, शिल्लक असते. बशीत लागणारं प्रमाण आणि रक्तात मिळणारं प्रमाण इथे एकमेकांना भेटतात. अर्थात रक्तात या औषधाचा बराचसा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो आणि आपल्या मीडियात सिरम दहाच टक्के, त्यामुळे ही तुलना इतकी सरळ नाही. पण अंदाज घ्यायला पुरते. तुमच्यासारख्या कच्च्या अर्कासाठी साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या खालचा आयसी-५० दखल घेण्याजोगा मानण्याचा प्रघात आहे. १८० त्यात बसत नाही. प्रबंध पडतो असं मी म्हणत नाही, आकडा प्रामाणिकपणे त्या रेषेशेजारी ठेवा एवढंच.

कुणीतरी म्हणेलच की सदाफुलीपासून औषध निघालंच ना. निघालं, आणि ती गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. कॅनडात नोबल आणि बीअर मधुमेहावरचा गुण शोधत होते. उंदरांना पानांचा अर्क दिल्यावर साखरेला काही झालं नाही, पण पांढऱ्या पेशी कोसळल्या. १९५८ मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टीन वेगळं केल्याचं मांडलं, पुढे व्हिनक्रिस्टीन आलं आणि ते आजही मुलांच्या ल्युकेमियात दिलं जातं. पण त्याचा एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो सुकी पानं लागतात, ते शिरेतूनच द्यावं लागतं, मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि तेवढ्यानेही हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात. पेशींवर ते नॅनोमोलरमध्ये काम करतं. सदाफुलीची पानं चावून खाणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. आपल्याकडे अजूनही लोक खातात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

‘नैसर्गिक आहे, निदान अपाय तर नाही’ हेही काकांना कुणी ना कुणी सांगेल. लूसी विल्स यांनी १९२८ च्या सुमारास मुंबईत गिरणी कामगार गरोदर बायकांच्या पंडुरोगावर काम केलं, त्यातून पुढे फॉलिक आम्ल सापडलं. रक्त वाढवणारं पोषक द्रव्य म्हणून सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना त्याचीच संयुगं देऊन पाहिली, तर आजार भडकल्यासारखा दिसला. मग त्यांनी उलटी वाट धरली. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनवलेलं फॉलिक आम्लाचं विरोधी औषध, अमिनोप्टेरिन, त्यांनी दिलं, आणि १९४८ मध्ये प्रथमच मुलांमध्ये तात्पुरता का होईना उतार पडल्याची नोंद झाली. रेझव्हेराट्रॉलचंही घ्या. मल्टिपल मायलोमाच्या (मज्जेतल्या एका कर्करोगाच्या) रुग्णांना रोज ५ ग्रॅम देण्याची एक चाचणी झाली. काही रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागल्यावर ती थांबवावी लागली.

के-५६२ बद्दल एक सावधानता. १९७० च्या दशकात एका सीएमएल रुग्ण स्त्रीच्या छातीतल्या द्रवातून या पेशी मिळाल्या, तिचा आजार तेव्हा शेवटच्या, ब्लास्ट क्रायसिसच्या टप्प्यात होता. तेव्हापासून त्या जगभर विभागत आहेत. काकांच्या मज्जेतल्या पेशी तशा नाहीत. त्यांना आधार देणाऱ्या पेशी शेजारी असतात, काही ल्युकेमिया मूळपेशी निवांत पडून असतात आणि इमॅटिनिबलाही दाद देत नाहीत. ४८ तासांच्या प्लेटमध्ये यातलं काही दिसत नाही. म्हणून ‘सीएमएलवर परिणाम’ असं न लिहिता ‘के-५६२ पेशींवर परिणाम’ असं लिहा. पेशी कुठून आणल्या, कितवा पॅसेज, मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये नकळत शिरणारा सूक्ष्म जिवाणू) तपासला का, हेही लिहा. मायकोप्लाझ्मा स्वतः एमटीटीचा रंग बदलतो. मित्राच्या लॅबमधून फ्लास्क आणला असेल तर एकदा पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या रिपॉझिटरीतून खात्रीच्या पेशी मागवा.

गाइडशी कसं बोलायचं, हेही तुम्ही विचारलंत. वाद घालू नका. शून्य तासाची प्लेट आणि कॅटॅलेजची ओळ करून रीडिंग त्यांच्यासमोर ठेवा. बहुतेक गाइड आकडे समोर आल्यावर ऐकतात, आणि बाहेरचा परीक्षक हेच विचारणार आहे हे त्यांनाही ठाऊक असतं. निष्कर्षाचं वाक्य मी असं लिहीन: ‘काळ्या द्राक्षांच्या सालीच्या मेथनॉल अर्काने के-५६२ पेशींची एमटीटीने मोजलेली चयापचय क्रिया ४८ तासांत, मिलिलिटरला १८० मायक्रोग्रॅमला, निम्म्यावर आली. ही घट पेशी मेल्यामुळे की वाढ मंदावल्यामुळे, आणि त्यात मीडियातल्या पेरॉक्साइडचा वाटा किती, हे पुढील प्रयोगांत तपासले आहे.’ दुसऱ्या वाक्याचा शेवट तुमच्या येत्या महिन्याच्या रीडिंगवरून ठरेल. ती आली की अर्काच्या रिकाम्या वेलच्या आकड्यांसकट इथेच टाका, कच्चे ओडी (प्लेट रीडरचे मूळ आकडे) द्या, टक्केवारी काढून देऊ नका.